शॉर्ट झाला की एमसीबी पडत नाही, अख्खी मायक्रोग्रिड बसते: कारण शोधा, मग उपाय करा

लक्षण बहुतेक ठिकाणी सारखेच असते. सोलर आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ग्रिडमध्ये, म्हणजे मायक्रोग्रिडमध्ये, एका फीडरवर (वीज वाटणाऱ्या मुख्य तारेवर) शॉर्ट होतो. त्या फीडरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप तुटणारा स्विच) पडायला हवा, पण तो जागचा हलत नाही. उलट इन्व्हर्टरच बंद पडतो आणि ज्या फीडरवर काहीही झालेले नाही तिथलीही वीज जाते. थोड्या वेळाने इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो, क्षणभर तग धरतो, पुन्हा बसतो. हाच फीडर मोठ्या ग्रिडवर असताना मात्र असाच शॉर्ट झाला की एमसीबी ताडकन पडतो. मग सगळ्यांचा संशय इन्व्हर्टरवर जातो. इन्व्हर्टर बदलला जातो, काही महिने बरे जातात आणि पुढच्या शॉर्टला तेच घडते.

यात बहुतेक वेळा इन्व्हर्टर बिघडलेला नसतो आणि एमसीबीही. दोघे आपापले काम बरोबर करत असतात, फक्त त्यांचे एकमेकांशी गणित जुळलेले नसते. फॉल्टला करंट कोण पुरवतो आहे आणि किती, हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय यातला एकही भाग बदलू नका.

करंट येणार कुठून?

मोठ्या ग्रिडवर शॉर्ट झाला की ट्रान्सफॉर्मरमागची सगळी ताकद त्या जागी धावून येते. शेकडो, कधी हजारो अँपिअर. सिंक्रोनस जनरेटरही पहिल्या काही सायकलमध्ये आपल्या रेटिंगच्या पाच ते आठपट करंट सहज देतो. एमसीबीची रचना याच भरवशावर झालेली आहे. त्यात दोन यंत्रणा असतात. द्विधातूची पट्टी तापून हळूहळू पाडते, ती ओव्हरलोडसाठी. चुंबकीय कॉइल लगेच, म्हणजे ०.१ सेकंदाच्या आत पाडते, ती शॉर्टसाठी. आयईसी ६०८९८-१ या मानकाप्रमाणे कॉइल कधी उचलेल ते एमसीबीच्या कर्व्हवर, म्हणजे प्रकारावर ठरते: बी कर्व्ह रेटिंगच्या ३ ते ५ पट, सी कर्व्ह ५ ते १० पट, डी कर्व्ह १० ते २० पट. पूर्ण खात्री वरच्या आकड्याला असते. सी कर्व्हचा एखादा एमसीबी सहापटीला पडेलही, पण संरक्षण 'पडेलही' यावर उभे करायचे नसते.

इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. त्यातले आयजीबीटी किंवा मॉसफेट हे इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे सिलिकॉनचे चिमुकले तुकडे. जनरेटरच्या तांब्या-लोखंडासारखी उष्णता पोटात घेण्याची त्यांची ऐपत नसते. पूर्ण शॉर्टमध्ये आयजीबीटी साधारण १० मायक्रोसेकंद टिकतो. म्हणून कंट्रोलर करंट आधीच बांधून ठेवतो, बहुतेक इन्व्हर्टरमध्ये रेटिंगच्या १.१ ते दीडपट, फार तर दुपटीला. शॉर्ट कितीही जबर असो, त्यापुढे एक अँपिअर मिळत नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. १० केव्हीए, सिंगल फेज, २३० व्होल्टचा इन्व्हर्टर. रेटेड करंट साधारण ४३.५ अँपिअर. दीडपट मर्यादा धरली तर शॉर्टमध्ये ६५ अँपिअर. फीडरवर सी३२ (सी कर्व्ह, ३२ अँपिअर) एमसीबी आहे. त्याची कॉइल १६० अँपिअरच्या खाली उचलणारच नाही आणि खात्रीने उचलायला ३२० अँपिअर हवेत. ६५ अँपिअर म्हणजे त्याच्यासाठी जेमतेम दुप्पट ओव्हरलोड. पट्टी तापून पडायला कित्येक सेकंद, बऱ्याचदा मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त लागते. इन्व्हर्टर तोवर थांबत नाही. तो आधीच बसलेला असतो.

नोंदवही नीट वाचा, पण तिच्या शब्दावर जाऊ नका

तपासाला सुरुवात इन्व्हर्टरच्या इव्हेंट लॉगपासून करा. वेळेसकट बघा: आधी व्होल्टेज पडले की आधी ओव्हरलोड दिसला?

वरच्याच ग्रिडमध्ये ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल आहे. तिचा रोध किलोमीटरला साधारण ३.०८ ओहम. इन्व्हर्टरपासून २० मीटरवर शॉर्ट झाला तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे सुमारे ०.१२ ओहम. ६५ अँपिअर त्यातून गेले की इन्व्हर्टरच्या टोकाला जेमतेम ८ व्होल्ट उरतात. लॉगमध्ये 'एसी व्होल्टेज कमी' आणि पाठोपाठ 'आउटपुट शॉर्ट' असे काहीतरी येते. हे ओळखायला सोपे.

आता हीच केबल १५० मीटर गेली आहे आणि पुढे कोणीतरी २.५ चौरस मिलिमीटरची २५० मीटर शाखा काढली आहे. तिच्या टोकाला शॉर्ट झाला. पहिल्या भागाचा लूप, म्हणजे जाऊन-येऊन रोध, ०.९२ ओहम, शाखेचा ३.७ ओहम, एकूण ४.६ च्या आसपास. २३० व्होल्ट पूर्ण असले तरी करंट फक्त ५० अँपिअर! इन्व्हर्टरच्या दृष्टीने हा शॉर्टच नाही, पंधरा टक्के ओव्हरलोड आहे. व्होल्टेज २२८ दाखवत राहते, लॉगमध्ये 'ओव्हरलोड' उमटतो आणि बघणारा माणूस लोड कमी करायला लागतो. तिकडे शाखेच्या टोकाला तार तापत असते. सी३२ साठी ५० अँपिअर म्हणजे १.५५ पट, मानकाप्रमाणे १.४५ पटीला पडायला तासापर्यंत मुभा आहे, त्यावरून याला किती घाई असेल ते समजा. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत धोकादायक हाच वाटतो. जवळचा शॉर्ट निदान सगळे अंधारात टाकून लक्ष वेधतो.

खरा ओव्हरलोड किंवा मोटार सुरू होतानाचा धक्का वेगळा कसा ओळखायचा? इंडक्शन मोटार सुरू होताना पाच-सातपट करंट मागते, तेवढ्यापुरते व्होल्टेज दबते आणि मोटारने वेग घेतला की सावरते. वेळही ठरलेली असते, पंप किंवा कॉम्प्रेसर चालू होण्याची. फॉल्टमध्ये व्होल्टेज सावरत नाही, आणि इन्व्हर्टर परत सुरू केला की कोणतीही मोटार चालू नसताना तो पुन्हा बसतो.

फॉल्ट सापडवणे

आधी ऑटो रीस्टार्ट बंद करा. जिवंत फॉल्टवर पुन्हा पुन्हा वीज सोडणारा इन्व्हर्टर हा तार हातात धरलेल्या माणसासाठी जीवघेणा आहे. सगळे फीडर खाली पाडा, इन्व्हर्टर बिनलोड सुरू करा, मग एकेक फीडर चढवा. ज्याला चढवल्यावर बसतो तो दोषी. तो उघडून कुलूपबंद करा, बाकीच्यांची वीज चालू ठेवा.

दोषी फीडरवर मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे मीटर) लावायच्या आधी तो इन्व्हर्टरपासून पूर्ण तोडा, जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारे) काढा, नाहीतर एकतर रीडिंग खोटे येईल किंवा उपकरण जळेल. ५०० व्होल्ट डीसीवर १ मेगाओहमपेक्षा कमी येत असेल तर इन्सुलेशन गेले आहे. मग केबल मधोमध तोडून कोणता अर्धा भाग खराब आहे ते बघत जा. ओल शिरलेले जॉइंट बॉक्स आणि केबल जिथे खांबाच्या किंवा पत्र्याच्या धारेवर घासते त्या जागा आधी बघाव्यात. टेप सोडवला की आत तांब्यावर हिरवट थर आणि शेजारी काळपट रेघ दिसते. त्या रेघेवरून करंट सरपटत गेलेला असतो. असा जॉइंट पुसून पुन्हा टेप मारू नका, कापून नवा करा.

बहुतेक दुरुस्त्या इथेच थांबतात, आणि म्हणूनच तक्रार पुन्हा येते. हा फॉल्ट गेला, पण पुढचा आला की एमसीबी तसाच शांत बसणार आहे.

इन्व्हर्टर उत्पादकाला तीन गोष्टी विचारा

शॉर्टमध्ये आरएमएस (म्हणजे प्रभावी) करंट किती, किती वेळ, आणि त्यानंतर इन्व्हर्टर काय करतो. डेटाशीटमधला 'सर्ज' हा आकडा याचे उत्तर नाही. पाच सेकंद दुप्पट सर्ज लिहिलेला असतो, तो व्होल्टेज शाबूत असताना, मोटार सुरू करण्यासाठी. टोकाला ८ व्होल्ट उरले असताना तोच इन्व्हर्टर काही मिलिसेकंदांत बंद पडू शकतो. शॉर्ट सर्किट करंट आणि त्याचा कालावधी लेखी मागा. मिळत नसेल, तर रेटेडपेक्षा जास्त करंट मिळेल असे गृहीत धरू नका.

एकापेक्षा जास्त इन्व्हर्टर असतील तर हिशेब कमीत कमी पुरवठ्याचा धरा. दुपारी सोलरचे ग्रिड-फॉलोइंग (असलेल्या ग्रिडच्या मागे चालणारे) इन्व्हर्टर आपापला थोडा करंट देतील, पण व्होल्टेज कोसळले की बरेचसे लगेच बाहेर पडतात. रात्री तर ते नसतातच. त्यामुळे ग्रिड उभी करणारा, म्हणजे बॅटरीवरचा ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर एकटा असताना काय होते, ते बघायचे. समांतर तीनपैकी एक देखभालीसाठी बंद असेल तर उरलेल्या दोघांवर ब्रेकर पडला पाहिजे.

ब्रेकर इन्व्हर्टरच्या मापाने

आपल्या उदाहरणात ६५ अँपिअर निदान ०.१ सेकंद मिळतात, असे उत्पादकाने लिहून दिले. तर खात्रीने पडणारा एमसीबी कोणता? बी कर्व्हला पाचपट हवे, म्हणजे ६५ भागिले ५, १३. बाजारातल्या रेटिंगमध्ये बी१० बसतो. सी कर्व्ह घ्यायचा तर ६.५, म्हणजे सी६. एकच सी३२ ठेवण्याऐवजी फीडर तीन-चार बी१० शाखांत विभागा. त्यामुळे एक शाखा पडली तरी बाकीच्या चालू राहतात, हा वेगळा फायदा.

तेवढ्याने काम झाले असे समजू नका. लांबच्या त्या शाखेत थंड तारेवर ५० अँपिअर मिळतात, बी१० च्या बरोबर काठावर. तार तापली की रोध साधारण वीस टक्के वाढतो, करंट ४१ च्या आसपास येतो आणि खात्री जाते. तिथे बी६ लावा, त्याला ३० अँपिअर पुरतात. किंवा शाखा ४ चौरस मिलिमीटरची करा. तिचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम, एकूण लूप ३.२ वर येतो आणि इन्व्हर्टरचे ६५ अँपिअर जवळपास पूर्ण पोहोचतात. तापलेल्या तारेलाही बी१० साठी लागणारे ५० सुटतात. केबलचा खर्च नको म्हणून बी६ निवडलात तर त्या शाखेवर मोटार चालणार नाही, हे वापरणाऱ्यांना आधी सांगा. नाहीतर कोणीतरी तो परत बदलून मोठा बसवेल.

मोटारीसाठी बी कर्व्ह नको असतो, ही अडचण खरी आहे. उपाय मोटारीच्या बाजूने शोधा: सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी, म्हणजे मोटार हळूहळू वेगात आणणारी उपकरणे. सुरुवातीचा धक्का कमी झाला की लहान ब्रेकर चालतो आणि इन्व्हर्टरलाही आराम मिळतो.

मुख्य फीडर मोठा असेल तर इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिटचा एमसीसीबी (मोठ्या करंटचा ब्रेकर) घ्या. त्याची शॉर्ट-टाइम सेटिंग बऱ्याच मॉडेलमध्ये दीडपटीपर्यंत खाली आणता येते, साध्या थर्मल-मॅग्नेटिकमध्ये ती सोय नसते. कोणी केवळ अंडरव्होल्टेज रिले (व्होल्टेज घटले की ब्रेकर पाडणारे उपकरण) सुचवेल. छोट्या ग्रिडमध्ये शॉर्ट झाला की व्होल्टेज सगळीकडेच कोसळते, त्यामुळे तो रिले दोषी आणि निर्दोष दोन्ही फीडर एकदम पाडेल. व्होल्टेज पडले आणि त्याच फीडरमधून करंट बाहेर वाहतो आहे, या दोन्ही अटी एकत्र तपासणारा रिले हवा. फीडरच्या पुढच्या टोकाला सोलर जोडलेले असेल तर दिशा ओळखणारा रिले घेण्यावाचून पर्याय नाही. कारण शेजारच्या फीडरवरचा शॉर्ट भागवायला हा निर्दोष फीडर उलटा करंट देतो आणि बिचारा स्वतःच पडतो.

मोठ्या मायक्रोग्रिडमध्ये सिंक्रोनस कंडेन्सर (बिनलोड फिरणारे सिंक्रोनस यंत्र) लावून फॉल्ट करंट वाढवतात किंवा केबलच्या दोन्ही टोकांना डिफरन्शियल (दोन्हीकडचे करंट ताडून बघणारे) संरक्षण देतात. दोन्ही उत्तम, पण दहा-वीस केव्हीएच्या ग्रिडला परवडणारे नाही.

अर्थ फॉल्ट: इथे जीव जातो

माणसाला बसणारा शॉक हा बहुतेक वेळा फेज आणि अर्थ यांच्यामधला असतो. सुदैवाने या ठिकाणी इन्व्हर्टरची करंट मर्यादा आडवी येत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमधला फरक ओळखून तुटणारा स्विच) पडायला ३० मिलिअँपिअर पुरतात आणि तेवढे कुठलाही इन्व्हर्टर देतो. शेवटच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअर, फीडरच्या सुरुवातीला ३०० मिलिअँपिअरचा वेळ लावून पडणारा एस प्रकार, ही रचना छोट्या ग्रिडला चांगली बसते. मात्र आरसीसीबी फेज-न्यूट्रल शॉर्ट ओळखत नाही. म्हणून वरचे एमसीबीचे गणित टळत नाही.

आरसीसीबी काम करायला फॉल्ट करंटला परत येण्याची वाट लागते. न्यूट्रल कुठेतरी अर्थला जोडलेला असला पाहिजे. ग्रिडवर असताना ही जोडणी ग्रिडकडून मिळते. ग्रिड गेली, चेंजओव्हरने (ग्रिड की इन्व्हर्टर ते बदलणाऱ्या स्विचने) फेजबरोबर न्यूट्रलही तोडला, आणि इन्व्हर्टरच्या बाजूला जोडणी नसेल, तर तुमचा न्यूट्रल अधांतरी. पहिला अर्थ फॉल्ट झाला तरी काहीच पडत नाही, कोणाला कळतही नाही. दुसरा फॉल्ट दुसऱ्या फेजवर किंवा न्यूट्रलवर झाला की मग गोंधळ उडतो.

तपासायला सोपे आहे. ग्रिड तोडून इन्व्हर्टरवर चालवा आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजा. काही व्होल्टच्या आत असेल तर जोडणी आहे. शंभरच्या आसपास तरंगत असेल तर नाही. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका. ते बटण आतल्या रेझिस्टरमधून फेज आणि न्यूट्रल यांच्यातच करंट फिरवते, अर्थला वापरत नाही. त्यामुळे अर्थची जोडणी तुटलेली असली तरी बटणावर तो पडतोच. आरसीसीबी तपासणाऱ्या आरसीडी टेस्टरने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये, इन्व्हर्टरवर चालू असताना तपासा. जोडणी एकाच जागी ठेवा. दोन ठिकाणी झाली की न्यूट्रलचा करंट अर्थमधून वाटला जातो आणि आरसीसीबी कारण नसताना पडत राहतो. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये ग्रिडपासून सुटल्यावर न्यूट्रल अर्थला जोडणारा रिले आतच असतो, तो सेटिंगमध्ये चालू आहे का ते पाहा.

ट्रान्सफॉर्मर नसलेला इन्व्हर्टर असेल तर गळतीत डीसीचा अंश येऊ शकतो. साधा एसी प्रकारचा आरसीसीबी त्याने बधिर होतो. उत्पादकाने सूट दिलेली नसेल तर बी प्रकारचा आरसीसीबी लावा (हा एमसीबीचा बी कर्व्ह नव्हे).

लूप इम्पिडन्स टेस्टरबद्दलही (जाऊन-येऊन वाटेचा रोध मोजणाऱ्या यंत्राबद्दलही) सावध राहा. इन्व्हर्टरवर घेतलेल्या रीडिंगवरून भागाकार करून काढलेला संभाव्य शॉर्ट करंट खोटा असतो, कारण टेस्टर छोट्या करंटवर मोजतो आणि इन्व्हर्टरची मर्यादा त्याला दिसत नाही. तारांचा रोध कंटिन्यूटीने मोजा आणि करंटची कमाल मर्यादा उत्पादकाची धरा.

ग्रिड परत आली की

आता सगळे इन्व्हर्टरच्या मापाने केले, पण तीच ग्रिड कधी मोठ्या ग्रिडला जोडली जात असेल तर फॉल्ट करंट एकदम वाढतो. लहान एमसीबी पडतील, पण तेवढा करंट तोडण्याची त्यांची क्षमता आहे का ते बघा, ६ किलोअँपिअर की १० किलोअँपिअर. रिले असतील तर दोन सेटिंग गट ठेवा आणि जोडणी बिंदूवरच्या ब्रेकरच्या सहायक संपर्कावरून गट बदलू द्या. त्या संपर्काची तार तुटली तर रिले संवेदनशील, म्हणजे इन्व्हर्टरच्या गटात राहील अशी रचना करा. विनाकारण एखादा फीडर पडला तर चालेल, फॉल्टवर न पडणे चालणार नाही.

डिझेल जनरेटर असेल तर त्याचा एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) कसा चालतो ते विचारा. स्वतःच्या टर्मिनलवरून उत्तेजना (चुंबकीय क्षेत्रासाठीचा करंट) घेणाऱ्या लहान जनरेटरमध्ये शॉर्ट झाला की व्होल्टेज कोसळते, त्याबरोबर उत्तेजनाही, आणि करंट काही सायकलमध्ये ओसरतो. पर्मनंट मॅग्नेट जनरेटर किंवा सहायक वाइंडिंग असलेल्यात साधारण तिप्पट करंट दहा सेकंदांपर्यंत टिकतो.

डीसीकडे उलटी अडचण

बॅटरीकडे फॉल्ट करंटचा तुटवडा नसतो, पूर असतो. ४८ व्होल्टच्या बँकेचा आणि केबलचा मिळून रोध १० मिलिओहम धरला तरी जवळपास ४८०० अँपिअर होतात. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला अगदी लागून हवा आणि डीसीवर तेवढा करंट तोडणारा हवा. एसीचा एमसीबी तिथे लावू नका. डीसीची आर्क शून्यातून जात नाही, ती विझत नाही. ध्रुवता असलेला डीसी एमसीबी उलटा जोडला तर आर्क विझवण्याच्या कप्प्याऐवजी दुसरीकडे ढकलली जाते आणि एमसीबी पेटतो, म्हणून त्यावरच्या अधिक-उणे खुणा बघूनच जोडा.

पॅनलकडे परत तुटवडाच. पॅनलचा शॉर्ट करंट त्याच्या चालू करंटपेक्षा थोडासाच जास्त असतो, त्यामुळे एकट्या स्ट्रिंगचा (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या माळेचा) फ्यूज स्वतःच्या शॉर्टने उडत नाही. स्ट्रिंग फ्यूज असतो तो इतर स्ट्रिंगकडून उलट्या येणाऱ्या करंटसाठी, म्हणून दोनपेक्षा जास्त समांतर स्ट्रिंग असतील तेव्हा तो लागतो.

पुन्हा चालू करण्याआधी

प्रत्येक शाखेच्या टोकाचा लूप, तापलेल्या तारेसाठी वीस टक्के वाढवून, कागदावर लिहा. त्याच्यासमोर त्या टोकाला मिळणारा कमीत कमी करंट आणि ब्रेकरला खात्रीने लागणारा करंट लिहा. लागणारा करंट मिळणाऱ्या करंटपेक्षा मोठा असेल तिथे ब्रेकर किंवा केबल बदला. तारेचे तुकडे टेकवून प्रत्यक्ष शॉर्ट करून बघण्याचा मोह टाळा. एमसीसीबी आणि रिले इंजेक्शन किटने (ठरलेला करंट सोडून तपासणाऱ्या साधनाने) तपासता येतात. ऑटो रीस्टार्ट परत चालू करायचा असेल तर एक-दोन प्रयत्नांवर बांधा, त्यानंतर माणसाने येऊन बघितल्याशिवाय सुरू होऊ देऊ नका.

हा कागद इन्व्हर्टरजवळ पॅनलच्या दारात लावा. जुना जड ट्रान्सफॉर्मरचा इन्व्हर्टर काढून तेवढ्याच केव्हीएचा हलका, हाय फ्रीक्वेन्सी इन्व्हर्टर बसवला की शॉर्टला मिळणारा करंट निम्म्यावर येऊ शकतो. अशा वेळी त्या कागदावरचा प्रत्येक आकडा नव्या इन्व्हर्टरसाठी पुन्हा काढावा लागतो.